साहेबांचं तपकिरी पाणी

…आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, "तुला कुणी सांगितलं होतं घासायला?" घ्या! आता तुम्हीच सांगा, घाण दिसली की बाईमाणसानं काय करायचं, नमस्कार? नाही, माझं काही चुकलंच नव्हतं. चुकलं ते तांब्याचं. म्हणजे तांब्याचं तरी कसं म्हणू, तांबं तेच होतं हो! कालही तेच, आजही तेच… थांबा, नीट सांगते. नाहीतर आमच्या ह्यांच्यासारखं व्हायचं, शेवट आधी आणि सुरुवात जेवताना.

तर आमच्या सासूबाईंचा एक मासा आहे. त्याला त्या 'साहेब' म्हणतात. का, तर दिवसभर गाल फुगवून बसतो आणि काम काडीचं नाही! सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे माणसांशी बोलायचा कंटाळा, पण साहेबांशी सकाळपासून सुरू… "साहेब, आज सूनबाईंनी भाजी खारट केलीय बरं का." मी तिथेच उभी असते हो!

मासा सासूबाईंचा, पण काचेच्या पेटीतली कमान ह्यांची. हे प्लंबर. दुसऱ्या बायकांचे नवरे घरी येताना फुलं आणतात, आमच्याकडे नळीचे तुकडे येतात. तर ह्यांनी तांब्याची नळी वाकवून साहेबांना ये-जा करायला कमान केली. वर्षभर ती पाण्यातच. शेजारी एक जुनं लाकूड, तळाशी कुजकी पानं, पाणी चहासारखं तपकिरी… आणि साहेब ठणठणीत!

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "साहेबांना सांभाळ गं. घरी आले की पहिलं त्यांना नीट बघणार." म्हटलं, ही म्हातारी नवा डोळा घेऊन येणार, आणि बघणार काय, गढूळ पाणी? छे! घेतलाच पदर खोचून. लाकूड गच्चीत, पानं कचऱ्याच्या पिशवीत, ते तपकिरी पाणी बादल्यांत काढलं झाडांना घालायला, कमान लिंबानं घासून लखलखीत केली, आणि पेटीत भरलं आम्ही पितो ते यंत्रातलं गाळलेलं पाणी! एवढा मान तर मला सासरी आल्यावरही मिळाला नव्हता.

दुपारी बघते तर काय… साहेब आडवे! पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत.

लावला ह्यांना फोन. "अहो, तुमच्या तांब्यानं मासा मारला!"

"माझं तांबं वर्षभर तिथेच आहे, आजच कसं मारेल? तू साबण घातलास!"

"नाही घातला!"

"घातलास!"

तिकडे मासा चाललाय आणि आम्ही साबणावर! शेवटी नणंदेला फोन केला. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असते. तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, ते तपकिरी पाणी फेकलंस?"

"नाही गं, बादलीत आहे."

"वाचलीस! आधी त्याला त्या बादलीत सोड, मग बोल."

सोडला. मग म्हणाली, "तांबं तेच गं, पण त्याचं रूप बदललं. पानालाकडाचा जो अर्क पाण्यात उतरतो ना, तो तांब्याला धरून ठेवतो. धरलेलं तांबं माशाच्या कल्ल्यांना फारसं चिकटत नाही. तू अर्क काढलास, गाळलेल्या पाण्यात क्षारही नाहीत, एरवी तेही तांब्याला जरा आडवे येतात. वर कमान घासून ताजं तांबं उघडं केलंस. आता ते सुटं फिरतंय, अडवायला कुणी नाही… गेलं सरळ कल्ल्यांवर!"

मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या दादासारखं? घरात गुंतलेला असला की गरीब गाय, चौकात सुटा सोडला की…"

"अगदी तस्सं! पण कमान बाहेरच ठेव हं. धरणाऱ्यालाही किती धरवेल?"

तेवढ्यात हे धावत आले. कमान काढली, पुसली, आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून उभे! म्हटलं, "ते नंतर. आधी कचऱ्यातली पानं शोधा." बसले बिचारे पिशवी उपसत. आणि मी बादलीपाशी. "साहेब, माझी जन्माची भाजी खारट म्हणा… पण श्वास घ्या हो. त्या येतील, मी काय तोंड दाखवू?" हसू नका! तुम्हीही बोलला असतात. आणि संध्याकाळी कधीतरी… फुगवले की गाल! मला रडूच फुटलं. हे म्हणतात, "अगं, रड तिकडे, बादलीत नको. त्यात मीठ असतं."

पेटी पुन्हा धुतली, मग जुनं पाणी, जुनं लाकूड, जुनी पानं, सगळं होतं तसं आत. तांब्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. काळा चष्मा, ह्यांचा हात धरलेला. थेट पेटीपाशी बसल्या. चष्मा काढला. बघतायत… बघतायत… साहेब गाल फुगवून समोर.

आणि म्हणतात कशा, "अगं… डॉक्टरला फोन लाव. डोळा फसला. सगळं होतं तस्संच तपकिरी दिसतंय!"

आता त्यांच्या कानाशी ओरडून कोण सांगणार, की आई, तांबं तेच, पण त्याला धरायला… हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे.

म्हटलं, "आई, थेंब घालते… दिसेल हळूहळू."