विषय : गणपतीचं आमंत्रण

— नाही नाही, बस. उभं राहून बोललं म्हणजे काम लवकर होतं असं नसतं गो. त्या खुर्चीवर बस, छत्री बाहेर ठेव, पाणी गळतंय. हां. तर बापसासाठी एक ओळ हवी तुला. एवढंच ना? 'जानू यांचा एकोणीस ऑगस्टचा मेल कंपनीला मिळाला होता' — एवढं लिहून खाली सही, गुरुप्रसाद, ऑफिस मॅनेजर, आणि तेही आज, म्हणजे चौकशीच्या कागदावर शेठची सही व्हायच्या आत. ऐकलं मी. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकलं. आणि त्या कागदात काय आहे ते तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय — 'बर्फ फोडायच्या मशीनमध्ये कामगाराचा उजवा हात गेला, मशीन नादुरुस्त असल्याची आगाऊ कल्पना कामगाराने कुणालाही दिलेली नव्हती, सबब कामगाराचा निष्काळजीपणा.' मीच लिहिलाय. कसं आहे मराठी? चांगलं आहे ना? एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. असं लिहावं माणसाने.

आणि तू कसं लिहितेस? रागावू नको, भाविका ना तुझं नाव? — भाविका, महिन्याभरात सात मेल केलेस मला. मोजलेत मी. एकाच कामाचे सात, त्यातले तीन तर एका दुपारी. ह्याला मेल करणं नाही म्हणत, ह्याला दार बडवणं म्हणतात. एकात नुसतं अर्जंट अर्जंट अर्जंट आणि पुढे सहा उद्गारचिन्हं — काय, सहा चिन्हं घातली की मी खुर्चीवरून पडणार आहे? दुसरा मेल सगळ्यांना — शेठला, अकाउंटच्या अक्षयाला, गेटवर, सगळ्यांना कॉपी. ज्याचं काम त्यालाच लिहावं गो. दहा जणांना लिहिलं की दहाही जणांना वाटतं, बाकीचे नऊ बघतील. आणि तो फोटो — बँडेज सोडून काढलेला — मी डबा उघडून बसलेलो, घास हातात, आणि क्लिक केलं. आधी सांगायचं असतं, सोबत काय जोडलंय ते. चार एमबीचा होता. चार एमबी! एका हाताला! लहान करून पाठवता येतो फोटो. शिकवलं नाही कोर्समध्ये?

वाईच इकडे ये. ह्या बाजूला, हां. बघ स्क्रीनवर. काय दिसतं? काही नाही. बरोब्बर. हा माझा इनबॉक्स. रत्नागिरीत दुसरं ऑफिस दाखव मला, जिथे संध्याकाळपर्यंत असा कोरा इनबॉक्स आहे. लोकांचे बघ — चार हजार न वाचलेले, सात हजार न वाचलेले, आणि वर सांगतात, वेळ मिळत नाही. मेल आला की लगेच ठरवायचं — उत्तर द्यायचं, पुढे धाडायचं, फोल्डरात टाकायचं नाहीतर काढून टाकायचं. चारच गोष्टी. पाचवी गोष्ट म्हणजे नुसतं बघत बसणं, आणि त्यानेच माणसं बुडतात. बंदरावर मासळी उतरते तेव्हा बायका काय करतात? हात चालवतात ना — पापलेट इकडे, बांगडा तिकडे. बांगड्याकडे बघून कोण विचार करत बसत नाही.

काय? मिळाला की नाही ते सांगा? — अगो, मिळाला नाही असं मी कधी म्हटलं? कल्पना दिली नाही असं लिहिलंय. त्यात फरक आहे. मेल मिळाला. आमंत्रणांच्या फोल्डरात गेला. कारण विषय काय होता? 'गणपतीचं आमंत्रण.' ऑगस्टमध्ये असे रोज चाळीस येतात मला. मी पहिल्या दोन ओळी वाचतो, आणि हे नियमाने वाचतो, कारण शहाण्या माणसाच्या मेलमध्ये काम पहिल्या दोन ओळींत असतं. तुमच्या मेलमध्ये काय होतं? 'माननीय साहेबांस जानूचा नमस्कार. आमचे घरी पूर्णगडास गणपती पाच दिवसांचे असून सहकुटुंब यावे.' मग रस्ता चिखलाचा आहे, गाडी पुलाजवळ ठेवावी. मग गंगारामने नवी होडी उतरवली, त्याचं. मग वहिनींना मोदक आवडतात ते लक्षात आहे. आणि मग, सगळ्यात खाली, 'तसेच कळविण्यात येते की बर्फाच्या मशीनच्या तोंडावरची जाळी तुटलेली असून दोरीने बांधून काम चालू आहे, तरी कुणाचा हात जाईल, लक्ष द्यावे.' तसेच! माणसाचा हात जाणार, आणि त्याला 'तसेच'!

काय बघतेस अशी? होय, पाठ आहे मला. नंतर वाचला ना मी. अपघात झाल्यावर शोधून काढला. आधी वाचला असता तर — आणि वाचून तरी काय करणार होतो, पाच झालेले होते त्या दिवशी. — म्हणजे तुला माहीत नसेल. स्वरूपशेठना दिवसाला पाच मेल. पाचच. मी नवीन लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं, गुरुप्रसाद, तुला पगार मेल पाठवायचा नाही देत, अडवायचा देतो. सहावा आला तर माझ्याकडे येऊ नकोस, तुझ्या घरी जा. तेव्हापासून आजपर्यंत सहावा गेलेला नाही. ह्याला म्हणतात कंट्रोल. त्या दिवशी दुपारीच पाच गेलेले — एक परदेशी गिऱ्हाइकाचा, दोन डिझेलचे, एक बँकेचा, आणि एक... तो समर्थचा. शेठचा मुलगा गो. वाढदिवस होता, केक कुठला मागवायचा ते विचारलेलं, चॉकलेट की आंब्याचा. — तर? मुलगा आहे त्यांचा. त्याचा वाढदिवस काय पुढे ढकलायचा? आणि धाडला असता सहावा, तर काय झालं असतं? मशीन बंद ठेवावं लागलं असतं. ऑगस्टचा महिना, मासेमारीची बंदी उठलेली, होड्या भरभरून येतायत, धक्क्यावर माल वितळतोय, आणि मी शेठना सांगू — बर्फ बंद, कारण पूर्णगडच्या जानूने मोदकाच्या खाली एक ओळ लिहिलीय? माझीच नोकरी गेली असती. मलाही घर आहे.

आणि मी तुला खरंच विचारतो — जाळीचं सरळ वर का नाही लिहिलंत? विषयातच घालायचं. 'मशीन धोकादायक, बंद करा.' मला टाळताच आला नसता. शेठना दाखवावाच लागला असता, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी. का नाही लिहिलंत? — हं. आधी बोलावणं, मग गाऱ्हाणं. बापूस म्हणाला, तोंड उघडल्या उघडल्या तक्रार केली तर साहेबांना बरं वाटणार नाही. असं म्हणाला? असेल. तुमच्या वाडीत सगळे असेच. एखाद्याच्या घराला आग लागली तरी जाऊन आधी चहा पितील, पोराबाळांची चौकशी करतील, आणि मग सांगतील. बापूस अडाणी, त्याला सोड. टाईप कोणी केला? — कोणी केला गो? मान वर करून सांग. तू. म्हणजे कम्प्युटरचा कोर्स केलेली तू. विषयाच्या जागी 'गणपतीचं आमंत्रण' कोणी घातलं? तूच.

मग आता ऐक, दुसरं कुणी सांगणार नाही तुला हे. मी दुखवायला म्हणून नाही सांगत — नाही, दुखवायलाच सांगतोय, दुखल्याशिवाय माणूस शिकत नाही. तुझ्या बापसाचा हात मशीनने नाही नेला. तू घातलेल्या त्या दोन शब्दांनी नेला. आता रोज सकाळी तो डाव्या हाताने भात कालवेल ना, तेव्हा आठव. विषय नीट लिहावा. — रडू नको. कीबोर्डवर पडेल. तिकडे हो, तिकडे रुमाल आहे माझा, घे.

आता शेवटचं शिकवतो, मग जा. काम संपलेला मेल ठेवायचा नाही. लोक ठेवतात, असू दे, कधी लागला तर. काही लागत नाही. बघ, हा तुमचा. एकोणीस ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बघितलास? नीट बघ. हा निवडला. हे कचऱ्याचं बटण दाबलं. आणि आता कचराही रिकामा — खरंच काढायचं का, विचारतोय. होय. झालं. किती सोपं असतं. मी पाठवलेल्यांचाही फोल्डर महिन्याच्या महिन्याला असाच साफ करतो. आता कुणी येऊन बघितलं तरी एकोणीस ऑगस्टला जानूचा काही मेल इथे नाही. माझा कागद आता शंभर टक्के खरा झाला. तुझ्याकडे पाठवल्याचा पुरावा असेल, माहीत आहे मला. पाठवल्याचा असतो गो. पोचल्याचा नसतो. तेवढ्यासाठीच तर ती एक ओळ हवी होती ना तुला?

काय? फोन कशाला दाखवतेस? लांब धर, चष्मा नाही माझा. वाच तूच. — नको, दे, वाचतो. 'आपणास व आपल्या परिवारास गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण कळविलेल्या बाबीची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. आपला, गुरुप्रसाद.' एकोणीस ऑगस्ट. पाच बावन्न. खाली सबंध तुमचा मेल, जाळीसकट.

हे... हे तयार असतं. एकदा लिहून ठेवलेलं, बटण दाबलं की जातं. कुणालाही न उत्तर देता ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे, चोवीस तासांच्या आत प्रत्येकाला — हे विमावाल्याला जातं, मंडळाच्या वर्गणीवाल्यांना जातं, मेलेल्या माणसाच्या मुलाने लिहिलं त्यालाही एकदा गेलेलं. ह्याचा अर्थ काही नसतो. कुठल्याही ऑफिसात विचार, कार्यवाही करण्यात येत आहे म्हणजे काही होणार नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. — तुमच्याकडे काय समजले? बोल ना. बापसाला काय वाटलं?

घरात सगळ्यांना वाचून दाखवलं? साहेबांनी दोन तासांत उत्तर दिलं म्हणून?

दुसऱ्या दिवशी — काम बंद करून कोण बसणार होते? मशीनवरचे आठही जण? जाळी बसवल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, असं ठरलेलं? मला कुणी सांगितलं नाही हे. आणि मग तुझ्या बापसानेच... हा फोन दाखवून... साहेबांनी लिहून दिलंय, दोन दिवस कळ काढा म्हणाला? आणि दुसरं कुणी नको म्हणून स्वतःच तोंडाशी उभा राहिला? पाच दिवस? हात जाईपर्यंत?

कोण विश्वास ठेवतं गो असल्या ओळीवर. कोण ठेवतं.

आणि हे होतं तुझ्याजवळ, तर सही मागायला माझ्याकडे कशाला आलीस? सरळ शेठसमोर टाकायचं होतंस, कुठेही. — बापसाने सांगितलं? साहेबांना न विचारता त्यांचं पत्र कुणाला दाखवू नको, ते अडचणीत येतील, आपल्याशी नीट बोलणारे ते एकच — असं म्हणाला तो? हॉस्पिटलात पडून?

बस. बस गो वाईच. फोन ठेव तिथे टेबलावर, कोण घेत नाही तुझा. मी देतो लिहून, कागद काढतो बघ, तारीख कुठली घालू, तू सांगशील ती — भाविका. मी काय म्हणतो. बापसाने सांगितलंय ना तुला, कुणाला दाखवू नको म्हणून? बापसाचा शब्द मोडणार आहेस? अशी काय बघतेस? फोन उचलून कुठे निघालीस?

दार उघडं टाकून जाऊ नकोस. — अगो, दार.