नॉर्मल आहे, म्हणे!

...आणि ती नळी! डावी छाती काढणार हे मी मनाशी कबूल करून गेले होते हो, पण काखेतून नळी बाहेर, टोकाला लालसर पाण्याची बाटली, ती कमरेला बांधून घरभर हिंडायचं, हे कुणी सांगितलं होतं का? विचारलं तर आमचे डॉक्टर बेनितेस, आमच्याकडच्या रीतीनं बाईला मानाचं 'न्या' लावून, टक्कल पुसत काय म्हणतात? "न्या दिओनिसिया, नॉर्मल आहे." नॉर्मल आहे, म्हणे!

तुम्हाला सांगते, मी चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणारी बाई. आमच्या कोरोनेल बोगादो गावच्या बसथांब्यावर चोवीस वर्षं पावांची टोपली डोक्यावर! आणि हात काही खांद्याच्या वर जाईना. दंड बधिर, जणू शेजारणीचाच! तर म्हणे भिंतीवर बोटं चालवा, कोळ्यासारखी, रोज थोडी वर. आमचे इसाबेलिनो, नवरा माझा, दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस... पेन्सिल घेऊन भिंतीवर खुणा करायचे. "बोटभर वाढला." झालं! दोन शब्द खर्च!

आणि नणंद पेर्पेतुआ? तेरेरेचा गार काढा ओढत समोर बसायची. "वहिनी, त्या अमक्या बाईचं असंच झालं होतं गं..." पुढे काय झालं ते सांगायची नाही! नुसता उसासा!

मग तीन आठवड्यांनी रिपोर्ट. कॅन्सर काखेतल्या दोन गाठींत पोचलाय. मला कागद दिसेना, अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. आधी केमो, मग किरणांचा शेक, मग गोळ्या... किती दिवस? दिवस नाही हो, वर्षं! केस? "जातील, नॉर्मल आहे." उलट्या? नॉर्मल. तोंडाला चव नाही? नॉर्मल. मी ओरडलेच, "अहो, मग नॉर्मल नसतं ते काय, ते तरी सांगा!" तसे ते गंभीर झाले. "ताप अडतीस अंशांच्या वर गेला की घरी थांबायचं नाही. लगेच निघायचं."

पहिल्या केमोनंतर नववा दिवस. हुडहुडी! थर्मामीटर अडतीस पूर्णांक चार. मी म्हटलं असू दे, जाईल, पांघरूण द्या... खरं सांगू? जायचीच भीती वाटत होती! इसाबेलिनोंनी थर्मामीटर बघितला, शेजाऱ्यांच्या गाडीची किल्ली मागून आणली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "ऊठ! मी एकटा काय करू इथे?" सहा शब्द असतील... मी मोजले नाहीत, मी रडत होते.

एन्कार्नासिओनच्या हॉस्पिटलपर्यंत दात वाजत होते. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी तळाला. डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात धरला, "डॉक्टर, नॉर्मल आहे म्हणा ना हो! एकदाच!" ते म्हणाले, "नाही, न्या दिओनिसिया. हे नाही. पण वेळेत आलात."

सलाईन, औषधं, पाच दिवस. ताप उतरला. केस उशीवरच राहिले. पेर्पेतुआ बघून म्हणाली, "डोकं छान गोल आहे गं तुझं!" ही हिची माया!

आता गुरुवारी दुसरा केमो. जाणार का? जाणारच की! साडेपाचची बस. भीतीही येणार शेजारी, मांडीला मांडी लावून... खिडकीची जागा तेवढी मागू नये तिनं, म्हणजे झालं.