ग्लासात घोटभर राहू द्या

— नाय नाय, तिथं नका बसू जमादार साहेब, ती खुर्ची मोनिकाची आहे, माझ्या लेकीची. तिथं दुसरं कुणी बसलं तर ती बोलत काही नाय, नुसती समोर येऊन उभी राहते, माणूस उठेपर्यंत — इकडं पलंगावर बसा. हं. अन् हे पाणी. आज नळाला आलेलं, ताजं आहे. पण एक सांगू? सगळं नका पिऊ एकदम. ग्लासात घोटभर राहू द्या. हसू नका, सांगते. दार उघडल्या उघडल्या तुम्ही काय म्हणालात? 'ताई, पाणी पितो अन् निघतो.' आपण म्हणतोच की असं, कोण मनावर घेतं? मोनिका घेते. तिनं ऐकलंय ते आतून. म्हणजे आता ग्लास रिकामा झाला की तुम्ही निघायचं. नाय निघालात तर तुम्ही खोटं बोललात, अन् खोटं बोलणारा माणूस घरात बसलाय म्हणल्यावर ती बेजार होते, भिंतीवर डोकं आपटायला लागते — म्हणून म्हणते, घोट घोट प्या, माझा जबाब लिहून होईस्तोवर पुरवा.

लिवा ना. लिवायचं ते एकदम सरळ आहे. ती ठेचा कुटत होती. कडुबादादा — म्हणजे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ, लासूर स्टेशनला असतात, आडत आहे त्यांची — ते बाजूला बसलेले, त्यांनी हात पुढं केला, बत्ता निसटला, मनगटावर पडला. हाड मोडलं. वाईट झालं. बस. ते तिकडं घाटी दवाखान्यात प्लास्टर घालून पडलेत, हे त्यांच्या उशाशी बसलेत, अन् इथं मी आहे, माझी सही घ्या. तिला काऊन बोलवायचं? वीस वर्षांची झाली म्हणून काय झालं — तिला काही विचारू नका, साहेब. ती खोटं... म्हणजे तिला नीट सांगता येत नाय. अन् ठाण्यात तर नेऊच नका. तिथली ती ट्यूबलाईट, वायरलेसची खरखर, तुमच्या लोकांचा गलका — ती तिथं घटकाभरात स्वतःला ओरबाडून रक्तबंबाळ करंल. मी बोलतेय ना. न्यायचं तर मला न्या.

घर लई गप्प वाटतंय ना? तसंच ठेवावं लागतं. कुकर नाय आमच्याकडं, डाळ पातेल्यात शिजते. दाराची बेल काढून टाकली. फ्रिज गुरगुरतो म्हणून त्याच्यामागं गोधडी कोंबलेली, बघा ती. नवा ड्रेस आणला की आधी मानेमागची चिठ्ठी उसवायची, नायतर ती ड्रेस फाडते, अंगावर असतानाच. ताटात भाजीनं वरणाला शिवायचं नाय, सोवळं असतं वरणाला. मिक्सर नाय, म्हणून खलबत्ता — मिक्सर लावला की ती किंचाळते, पण बत्त्याचा आवाज तिचा तिनं केलेला, तो चालतो. लहान होती तेव्हा डॉक्टरनं प्रश्न विचारले, रोज एकच खाते का, डोळ्यात बघत नाय का, एकाच गोष्टीवर बोलत बसते का, तर आमचे हे माझ्या शेजारी बसून मान हलवायले — 'व्हय व्हय, मला पण होतं.' डॉक्टर हसले. मी नाय हसले. माझ्या एकदम ध्यानात आलं, की लग्न झाल्यापासून हा माणूस एकाच रंगाचे शर्ट घालून माझ्याशी मोटारीच्या वायंडिंगवर का बोलायला लागलाय. एकीला दाखवायला नेलं, दोघं निघाले. मला कुणी तपासलं नाय. वेळ कुणाला होता?

पण हे सगळं सोपं आहे, भाऊ. भाऊ म्हणलं तर चालंल ना? अवघड काय आहे सांगू — बोलणं. आपलं बोलणंच सगळं मारामारीचं, कधी कान देऊन ऐका. आई लेकराला म्हणते तंगडं मोडून हातात देईन, मास्तर म्हणतो चामडी लोळवीन, बाप म्हणतो जिता गाडीन — अन् कुणाचं काही मोडत नाय, संध्याकाळी सगळे शेजारी बसून जेवतात. हे मोनिकाला कोण समजावणार? तिला शब्द म्हणजे शब्द. हे एकदा बातम्या बघून चिडले, म्हणले, हा टीव्ही उचलून रस्त्यात आपटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर टीव्ही रस्त्यात. आपटलेला. शेजारच्या द्वारकाबाई म्हणल्या, पोरीला वेड लागलं. वेड कशाचं? बापाचं ऐकलं तिनं, पुंडलिकनगरात दुसऱ्या कुणाची पोर ऐकते का एवढं? अन् दूधवाला. गळ्याला चिमटा घेऊन बोलला, 'ताई, उद्यापासून दुधात थेंब पाणी दिसलं तर माझ्या तोंडात शेण घाला.' दुसऱ्या दिवशी दूध पातळ. ही पिशवीत शेण घेऊन जिन्यात उभी. तो गडी पळता पळता अख्खा कॅन सांडून गेला. दूध मात्र तेव्हापासून चांगलं येतंय, खोटं कशाला बोलू.

म्हणून ह्या घरात कायदा केला. शिवी चालते, धमकी चालत नाय. 'जीव घेतेस का' म्हणायचं नाय, 'मरू दे' म्हणायचं नाय. जेवणाऱ्या माणसाला मारायचं नाय, हा पण एक — तो सासूबाईंचा जुना, तो मोनिकाला पाठ आहे. अन् राग आला तर? मला येत नाय का राग? मी मोरीत जाते, बादली भरते, तोंड पाण्यात घालते अन् बोलते, जे सुचंल ते. बाहेर नुसते बुडबुडे. बाकीच्या बायका देवाला जातात, मी बादलीला जाते. — पाणी ठेवलंय ना ग्लासात? हं.

कडुबादादाला कायदा माहीत नाय का? शंभरदा सांगितला. ते म्हणतात, भूत मारानं उतरतं. आल्यावर पहिली चपराक, मग चहा. ती कान झाकते, दादांना वाटतं आपला अपमान. मागच्या वर्षी त्यांच्या पोरीच्या लग्नात डीजे सुरू झाला अन् ही मांडवात खाली बसून किंचाळायला लागली. पाहुण्यांत इज्जत चालली म्हणून त्या माणसानं तिला वेणीला धरून मांडवातून फरफटत नेली, गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटलं — एकदा नाय, परत परत — अन् मग कानावर एक. सपकन्. कानातून रक्त आलं, मी माझ्या पैठणीच्या पदरानं पुसलं, तो डाग आहे अजून, दाखवू? पडदा फाटला. डाव्या कानानं आता तिला ऐकू येत नाय. अन् ती मला काय म्हणली? 'आई, बरं झालं. आता आवाज निम्मा येतो.' असं म्हणली, भाऊ. रडत नव्हती, खरंच सांगत होती. मी त्या दिवशी बादलीत तोंड घातलं ते बाहेर काढावंच वाटंना.

हे? ह्यांनी काय केलं? लग्नघरातला बंद पडलेला पंखा दुरुस्त करत बसले. मोठ्या भावापुढं कधी मान वर केली नाय, अन् गलका झाला की त्यांचेही हातपाय गळतात. मला त्या माणसाची कीव येते अन् त्याच वेळी तोच पंखा त्याच्या डोक्यात... नाय. नाय बोलत. ती ऐकते.

चौकीत गेले होते की मी. का नाय गेले? तिला घेऊन गेले, कानाला कापूस तसाच. तिथं तुमच्यासारखेच एक साहेब होते, जरा जाड. म्हणले, 'बाई, घरातलं आहे, घरातच मिटवा.' मोनिका माझ्या शेजारी उभी होती. तिनं पण ऐकलं ते.

मग परवा कडुबादादा आले, त्या लग्नानंतर पहिल्यांदाच. हातात स्थळ घेऊन. फर्दापूरचा कुणी बिजवर, हॉटेलवाला, चाळिशी उलटलेला. म्हणले, 'हिला काय कळतंय, पडून राहील कोपऱ्यात, त्याला पण चालतंय.' चालतंय! मोनिका म्हणली, नको. एवढंच म्हणली. तर चपराक, त्याच कानावर. अन् मग बसले जेवायला, जसं काही माशी मारली. ती बत्ता घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. दादा विचारतात, 'काय बघती गं?' ती म्हणली, 'तुमचं जेवण होऊ द्या.' त्यांना वाटलं वाढायला थांबली. भाकर मागितली, तिनं वाढली. ठेचा मागितला, तो पण वाढला. हात धुऊन आले, तिनं टॉवेल दिला. मग ते टेकून बसले, हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, अन् एकच. एकच घातला तिनं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. ते गुरासारखे ओरडायला लागले तर तिनं कान झाकले, ते पण एकाच हातानं, दुसरा कान झाकायची आता गरज नाय. मग बत्ता धुतला, जागेवर ठेवला —

काय? हां. निसटला. निसटलाच म्हणले ना मी. पण समजा, साहेब, नुसतं समजा, ती खुनशी असती तर दुसरा घातला नसता का? हातात बत्ता, समोर उघडं टक्कल. डोक्याला हात लावला का तिनं? नाय. डोक्याचं कुणी काही बोललंच नव्हतं. अन् विळी तिथंच पडली होती, पात्याला धार आहे, तिला हात तरी लावला का? कशाला लावंल, मी मोड म्हणले होते, तोड नव्हते म्हणले —

...

पेन का थांबलं तुमचं?

अन् सगळं पिलात. एका घोटात. सांगितलं होतं ना भाऊ, थोडं राहू द्या म्हणून.

व्हय. मी म्हणले. चौकीतून घरी आलो त्या दिवशी. मेथी निवडत बसले होते. म्हणलं, 'मोनिका, त्यानं परत तुझ्यावर हात उगारला तर हात मोडून ठेव त्याचा.' तिनं विचारलं, 'कुठून?' मी मान वर केली नाय, काडी खुडत होते. म्हणलं, 'मनगटातून.' ती म्हणली, बरं. रागात बोलले का? राग बादलीत असतो आमच्याकडं. मी सावकाश बोलले, आधी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले अन् चांगल्या कानात बोलले. मला माहीत नव्हतं का ती काय करंल? आई आहे मी तिची. वीस वर्षं ह्या घरात जिभेला कुलूप लावून जगले, एकदा उघडलं, अन् मोजून उघडलं. तुम्ही पोलिसच म्हणला होतात घरात मिटवा. मिटवलं.

ते लिवा. सुरेखा पुंजाराम असं नाव लिवा, बत्त्याचं नका लिवू, पोरीचं नका लिवू, शब्द माझा होता. पण बाहेर जाऊन लिवा. ती बघा, दार उघडून उभी राहिली. तुमचा ग्लास रिकामा झालाय. मागं सरकू नका असे, तिच्या हातात काही नाय, ग्लास न्यायला आलीय ती, द्या तिच्याकडं. अन् तिला काही विचारू नका. घाबरू पण नका, भाऊ. तुमच्याबद्दल मी तिला अजून काही बोललेले नाय. निघा.