बाकावरून उठलो तेव्हा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, तेवढं सांभाळून घ्या. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची आशा टिकवायला अमेरिकेला त्या दिवशी नुसती बरोबरी पुरे होती. इथे अमेरिकेतच जन्मलेला माझा मावसभाऊ नितीन मला मैदानावर घेऊन गेला. क्रिकेट बघताना मावशी घालते तीच अट त्याने घातली, "दादा, जागेवरून हलायचं नाही!"

मी पाय आवळून बसलो. शेवटी राहवेना, लघवीला धावलो. तेवढ्यात आपल्यावर गोल झाला आणि त्या एका गोलने अमेरिका बाहेर!

 घरी पोचल्यावर दारात नितीन म्हणाला, "यू मूव्ह्ड, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच रिकाम्या मैदानावर गेलो आणि अख्खा सामना होईल इतका वेळ त्याच बाकावर न हलता बसलो.