पाठक सरांच्या नावानं गेलेला अहवाल

काकू, ऋचाताई, ऑफिसातले सगळे सोबती, आणि सरांच्या गल्लीतून आलेली मंडळी. एवढ्या उन्हात सरांच्या शोकसभेला तुम्ही आलात. मी कैलास. सरांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. मला चारचौघांत बोलता येत नाय. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मागच्या खुर्चीत बसलो होतो, तसाच बसून राहणार होतो. लई थकलोय, खरं सांगतो.

पण माझ्या आधी बोलले ते साहेब म्हणाले, शेवटी शेवटी पाठक सरांकडून एक चूक झाली, तेवढ्यानं माणूस लहान होत नाही. चांगल्या मनानंच म्हणाले. दोघातिघांनी माना हलवल्या. म्हणून उठलो.

सर नेमकं काय काम करायचे, हे गल्लीतल्या मंडळींना ठाऊक नसेल. एखादी वेबसाइट बनली की ती साध्या माणसाला वापरता येते का, हे ते तपासायचे. एखाद्याला समोर बसवायचं. एक प्रसंग सांगायचा, एक काम द्यायचं, आणि आपण तोंड मिटून तो कुठं अडतो ते बघायचं. सगळी मेहनत त्या प्रसंगात असते. प्रसंग खोटा लिहिला की पुढचं सगळंच खोटं.

तीन वर्षांपूर्वी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. चिकलठाण्याच्या पुढं नव्या वस्त्या उठल्या होत्या. घरं आली, रस्ते आले, नळ नाय आले. टँकरची मागणी नोंदवायची वेबसाइट आपल्याकडं करायला आली. चाचणीसाठी मी प्रसंग लिहिला, "तुम्हाला पाणी हवे आहे. टँकरची मागणी नोंदवा." सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कैलास, हे 'तुम्ही' म्हणजे कोण रे? देव का?"

मी हसलो. ते नाय हसले.

म्हणाले, "घरात कोण आहे? किती वाजलेत? हातातला फोन कुणाचा? हे ठाऊक नसेल तर तू परीक्षा वेबसाइटची घेत नाहीस, नुसता वेळ काढतोस." मग त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. दुपारची वेळ आहे. मालक कंपनीत गेलेत. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. ड्रमच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलंय. तुम्ही काय कराल? एवढंच लिहून थांबले. म्हणाले, "बाकीचं वस्तीत जाऊन बघू. त्यांच्या घरात, त्यांच्याच फोनवर."

आणि लेकीच्या, ऋचाताईंच्या बाळंतपणाला सर पुण्याला गेले.

ताई, तुम्ही मान खाली घालू नका. यात तुमचं काही नाय. घाई मला झाली होती. वरून फोन येत होते, अन् मला उन्हात वस्तीत जायचा कंटाळा आला होता. हो, कंटाळा. दुसरा शब्द नाय त्याला. वस्तीतल्या पाच बायकांना रिक्षानं ऑफिसात आणलं. एसी लावला, चहा दिला. प्रत्येकीच्या हातात माझा फोन दिला, माझा नंबर टाकला. ओटीपी टणकन माझ्या फोनवर आला. पाचही जणी पास. मी अहवाल लिहिला, काही अडचण नाही. आणि खाली नाव घातलं सरांचं, कारण काम देणारे साहेब लोक त्यांच्या नावावर विश्वास ठेवायचे. सरांना विचारलं नाय. फोन करायला काय लागत होतं? एक फोन.

वेबसाइट सुरू झाली. घर ज्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर. घरं मालकांच्या, म्हणजे नवऱ्यांच्या, नावावर. मालक कंपनीत. अन् कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात. बायका दिवसभर बटण दाबत बसल्या. संध्याकाळी मालक बाहेर येईपर्यंत ओटीपी बाद. साहेबांच्या पडद्यावर त्या वस्तीतून एकही मागणी दिसेना. मागणी नाय, म्हणून तिकडचे टँकर दुसरीकडं वळवले. आठवडाभर त्या बायकांनी कुठून कसं पाणी आणलं, ते मी नंतर ऐकलं. इथं सांगवत नाय.

सर परत आले त्याच दिवशी बैठक होती. ओटीपीची तक्रार तोवर वस्तीतून वर पोचली होती; साहेबांनी अहवाल टेबलावर आपटला. म्हणाले, "पाठक, हे नाव तुमचंच ना?"

सरांनी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच बघत होते ते. वाचला. माझ्याकडं एकदा पाहिलं. आणि म्हणाले, "हो. माझंच."

मी तिथंच होतो. दोन हातांवर. मी काय केलं? काहीच नाय. 

बाहेर जिन्यात विचारलं, सर, का? ते चिडले होते. लई चिडले होते. म्हणाले, "मला काढलं तर मी घरी बसेन. तुला काढलं तर ते ओटीपीचं नीट कोण करणार? आधी ते कर. रडायचं ते नंतर."

त्यांना काढलं. त्याच आठवड्यात ते माझ्याबरोबर बसनं वस्तीत आले, कुणी बोलावलेलं नसताना. पत्र्याखाली बसून एका बाईला तोच प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "सायेब, ओटीपी मालकाकडं जातो, अन् मालक गेटच्या आत. मी काय गेटवर जाऊन बसू व्हय?" सर मोठ्यानं हसले. मला म्हणाले, "लिहून घे. जसंच्या तसं." आम्ही ते बदललं. बाईच्या नंबरावर मागणी घेता येऊ लागली. टँकर आला.

पण ऑफिसात काय राहिलं? पाठक सरांचं वय झालं होतं, त्यांच्याकडून चूक झाली. तीन वर्षं मी हे कॅन्टीनमध्ये ऐकतोय, अन् जेवतोय.

सर गेल्यावर मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी विचारलं, "कैलास, ह्यांचं नेमकं काय चुकलं होतं रे? मला कधी बोललेच नाहीत." मी पाण्याचा पेला खाली ठेवला अन् निघून आलो.

काकू, सरांचं काही चुकलं नव्हतं. तो अहवाल त्यांनी लिहिला नव्हता. मी लिहिला होता. हे त्यांच्या डोळ्यांदेखत सांगायला पायजे होतं. नाय जमलं मला. त्याची माफी मागायलाही आता मी उशिरा आलोय.

आपण सगळे दोन मिनिटं सरांसाठी उभे राहू या. त्यानंतर कुणाला मला काही बोलायचं असेल, तर बोला. मी इथंच थांबतो.