बिनतारी वरात

माझ्या निम्म्या गोष्टी थापा असतात, कबूल. ही मात्र उरलेल्या निम्म्यातली.

आमच्या कोल्हारात माझ्या दोस्ताचं, रम्याचं लग्न होतं आणि शेजारचे गेनूआबा शेवटच्या दुखण्यात होते. जन्मभर बँडात क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. त्यांच्या दारात दणदणाट कसा करायचा? डोकं मीच चालवलं. वायर नसलेले, कानावरच रेडिओ असलेले हेडफोन तेव्हा नवीनच आले होते. श्रीरामपूरच्या दुकानदाराने चार प्रकार काढले.

"कुठला देऊ?"

"नाचताना पडणार नाही तो."

काउंटरपुढेच मी एकेक लावून उड्या मारल्या. एक टिकला. नाचणारे आम्ही बारा, म्हणून तसले बारा घेतले.

वरात आबांच्या गल्लीत शिरली. बँडवाल्यांना गप केलं, सगळ्यांनी एकच स्टेशन लावलं आणि नाचायला लागलो. बाहेर नुसता चपलांचा आवाज. तेवढ्यात आबांची सून धावत आली.

"भाऊजी, आबा रडायलेत. म्हनत्यात, मयताच्या दारापुढंच बँड गप करत्यात. म्या गेलो का काय?"

मी हेडफोन काढून फेकला. "वाजवा रे!"

बँड वाजला. खिडकीतून आबा दिसत होते. गोधडीवर त्यांची बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर फिरावीत तशी फिरत होती. गाणं अर्ध्यावर आलं आणि बोटं थांबली. सुनेने तोंडाला पदर लावला.

बँडवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गाणं पुरं करा."