लांबून काढलेला फोटो

जेवणाची सुट्टी सरत आली तरी बँकेतला कारकून फोटोच्या दुकानात ताटकळतच होता. त्याच्या पुढे, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जण दुकानदाराशी गप्पा हाणत होता.

"चार घासांत डबा उरकतो आणि रस्त्यावर सुटतो बघा. ही लेन्स रुंद, माणसाच्या पार अंगावर जावं लागतं."

"लोक चिडत नाहीत?"

"त्यांना वाटतं, मी मागची इमारत टिपतोय. आणि गंमत म्हणजे, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या जवळून काढा, फोटोत माणूस रस्त्यापलीकडे दिसतो!"

तेवढ्यात पायरीवरून एक बाई आत आली.

"बाहेर काचेत रस्त्याचा मोठा फोटो लावलाय, तो कुणी काढला हो?"

"मीच. का हो ताई?"

"त्यात कठडा धरून वाकलाय ना, तो माझा भाऊ. त्या दुपारी तिथंच गेला तो. छातीत कळ आली होती."

कॅमेरावाल्यानं गळ्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स तळहाताने झाकली.

"एक हात पुढे केलाय बघा त्यानं. कुणाला तरी बोलावत असेल. पण जवळ चिटपाखरू नाही."

"ताई, मला वाटलं..."

"अहो, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही एवढे लांब. धावत सुटला असतात, तरी पोचला असतात का?"

दुकानदार उगाच काउंटर पुसायला लागला. कारकुनाची नजर त्या लेन्सवरून हलेना.

"नसतो पोचलो, ताई. फार लांब होतो मी."